कॅनडाचा पडदा

बाबांच्या पत्रकांची पहिली ओळ नेहमी आरोपाची असायची. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. "शाखा व्यवस्थापकांनी मंगळवारी दुपारी एका कर्मचाऱ्याला ग्राहकांसमोर खुर्चीवरून उठवले." अशी सुरुवात. नमस्कार वाचून रस्त्यात कोणी थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मीही तशीच सुरुवात करते.

उज्जैनच्या नानाखेड्यात राहणाऱ्या एका माणसाने माझ्या वडिलांची, ते माझे वडील आहेत हे ठाऊक असताना, चौदा मुलांना सफाईवाला म्हणून ओळख करून दिली. मी तिथेच बसले होते आणि मी गप्प राहिले. नंतर मी त्याचा सूड घेतला. तो पुरला नाही, म्हणून हे लिहिते आहे. 'मन मोकळं करण्यासाठी लिहिलं' वगैरे म्हणणं मला जमणार नाही. माझं मन मोकळंच आहे.

त्या माणसाचं नाव इथे येणार नाही. उज्जैनमधल्या मराठी घरांतून त्याला ओळखणारे खूप आहेत, आणि बाहेरच्यांना त्याच्या नावाची गरज नाही.

बाबा महाराष्ट्रातून बँकेच्या बदलीवर इथे आले आणि इथलेच झाले. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. आधी मराठीत कच्चा मसुदा, मग हिंदी. देवास गेटमागच्या एका गल्लीत छापखाना होता, तिथून गठ्ठा यायचा आणि मी जमिनीवर बसून प्रत्येक कागदाच्या तीन घड्या घालायची. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. बरीचशी एकाच मागणीची असायची: बँकेत झाडलोट करणाऱ्यांना कायम करा. खाली मुद्रकाचं नाव आणि त्याच्या वर बाबांचं नाव. मुद्रकाचं नाव कायद्याने लागतं. स्वतःचं नाव बाबा हौसेने घालायचे. बिननावाचं पत्रक त्यांना भिंतीआडून मारलेल्या दगडासारखं वाटायचं. दगड लागतो, पण मारणारा भित्रा असतो, असं ते म्हणत.

अशा घरात वाढलेली मुलगी दोन खासगी शाळांतून भांडून बाहेर पडली तर त्यात नवल नाही. एम.ए. इंग्रजी, बी.एड., आणि नावापुढे 'झगडालू' हा शेरा. तिसरी शाळा मला घेईना. तेव्हा या माणसाकडे गेले. सगळे त्याला सर म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बारा वर्षं कोरियात एका यंत्राच्या कारखान्यात काढून तो परत आला होता आणि नानाखेडा बस स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर त्याने प्लायवुडच्या पाच केबिन उभ्या केल्या होत्या. प्रत्येक केबिनमध्ये एक लॅपटॉप, एक दिवा आणि इंग्रजी शिकवणारी एक मुलगी. पलीकडे कोरियातल्या लहान गावांच्या प्राथमिक शाळा, जिथे परदेशी शिक्षक यायला तयार होत नाहीत.

"बेटा, तुझी इंग्लिश एकदम साफ आहे," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "फक्त एक बात लक्षात ठेव. तिकडच्यांसाठी तू इंडियाची नाहीस."

"मग कुठली?"

"कॅनडाची. तिथे आपले लोक भरपूर आहेत, चेहऱ्यावरून कोणी काही बोलणार नाही. इंडिया म्हटलं की तिकडचे पालक तोंड वाकडं करतात. मी राहून आलोय, मला माहितीये."

"पण हे खोटं आहे, सर."

"खोटं नाही गं, पॅकिंग आहे. नमकीन काय कोणी उघडं विकतं?"

उज्जैनमध्ये नमकीन उघडंच विकतात. झाऱ्यातून थेट कागदावर. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आज सुचतं आहे.

मी हो म्हटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण वगळलं तर बाबा पहिल्यांदा तेच विचारतील. मी हो म्हटलं. मला एक परदेशी नाव मिळालं. पाठीमागे लावायला एक कापडी पडदा मिळाला. त्यावर पांढऱ्या चौकटीची खिडकी छापलेली, खिडकीबाहेर बर्फ आणि देवदाराची झाडं. भिंतीवर नियम चिकटवलेले होते: टिकली नको, गावाचं नाव नको, सणांचं नाव नको, बाहेर बँड वाजला तर माइक बंद. घरी मी एवढंच सांगितलं, "कोरियातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, ऑनलाइन." शब्द न् शब्द खरा होता. बाबांनी ते अख्ख्या कॉलनीत सांगितलं.

मार्चमध्ये त्यांचं शाळेचं वर्ष सुरू होतं. मला चौथीचा वर्ग मिळाला, चौदा मुलं. आपल्या साडेनऊला त्यांचा एक वाजायचा आणि जेवणानंतरचा तास सुरू व्हायचा. मी रोज दहा मिनिटं आधी कॅमेरा लावून बसायची, कारण ती दहा मिनिटं मला तासापेक्षा जास्त आवडायची.

त्या दहा मिनिटांत मुलं वर्ग झाडायची. जेवून यायची, पायांत पांढरे सपाट बूट, जे फक्त शाळेच्या आत घालायचे. वर्गशिक्षिका म्हणायची, "छोंगसो." म्हणजे सफाई. लगेच चौदाजणं कोपऱ्यातल्या कपाटाकडे धावायची. छोटे झाडू, छोटी सुपली, ओली फडकी. बाकं मागे सरकवायची, केर काढायचा, बाकं पुढे आणायची. कोणी कोणाच्या पायावर मुद्दाम झाडू मारायचं, कोणी झाडूची गिटार करायचं. शिक्षिका स्वतः फळ्याखालची धूळ पुसायची. शाळेत सफाईला दुसरं माणूस असेल, पण वर्ग मुलांचा, म्हणून केरही मुलांचा. पहिल्या दिवशी हे बघताना मला वाटलं, बाबांची सगळी पत्रकं इथे कोणीतरी न वाचताच अमलात आणली आहेत.

मग पियानोसारखी एक धून वाजायची. ती त्यांची घंटा. मुलं उभी राहून कमरेत वाकून नमस्कार करायची आणि एका सुरात 'टीचर' म्हणून माझं ते खोटं नाव घ्यायची.

पुढच्या बाकावर एक मुलगी होती, कपाळावर सरळ कापलेले केस. ती रोज जेवणाचा अहवाल द्यायची. त्यांचं स्टीलचं ताट आपल्या खणांच्या ताटासारखंच असतं, म्हणून मला सगळं डोळ्यांपुढे यायचं. "टीचर, टुडे फिश. बोन मेनी. नॉट हॅपी." किंवा "टुडे ब्लॅक नूडल. व्हेरी हॅपी." तिने मला विचारलं, तू काय खाल्लंस. मी पोहे खाऊन आलेली असायची, वर शेव आणि जिरावणाचा मसाला. मी म्हणायची, ब्रेड. रोज ब्रेड. एकदा ती दयेने म्हणाली, "टीचर, ब्रेड, ब्रेड, ब्रेड. सॅड."

आणि पक्षी. खालच्या स्टँडवर एक कंडक्टर बरोबर माझ्या तासाला ओरडायचा: "इंदौर, इंदौर, इंदौर." चढत जाणारा सूर, शेवटी एक गिरकी. माइक बंद करेपर्यंत एखादी हाक आत यायचीच. मुलांनी विचारलं, हे काय आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, पक्षी आहे, इकडे कॅनडात असतो. दुसऱ्या दिवशी चौदा चित्रं तयार. निळा पक्षी, शिंगांचा पक्षी, बर्फावर बसलेला लाल टोपीचा पक्षी. शिक्षिकेने एकेक चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. मी प्रत्येक चित्राला छान म्हटलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी माझ्या थापेला पंख काढले होते, रंग दिले होते. तास संपल्यावर मी शेजारच्या केबिनमधल्या मुलीला हे सांगितलं. ती इथलीच, हिंदी बोलणारी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

"दीदी, पक्षी ही तो बोला है," ती म्हणाली. "मैंने तो अपने बच्चों को बोल रखा है कि मेरे घर में घोड़ा है."

असा एक महिना गेला. एप्रिल लागला. त्यांच्या वर्गाच्या खिडकीबाहेर झाडं गुलाबी फुलली आणि आमच्या केबिनमध्ये कूलरचा आवाज सुरू झाला. एके सकाळी मी चष्मा घरी विसरले.

बाबा तो घेऊन आले. सव्वानऊला निघाले असतील, कारण ते केबिनच्या दारात आले तेव्हा स्क्रीनवर मुलं झाडू मारत होती. दिव्याची काहीतरी तक्रार होती म्हणून सरही केबिनमध्ये होता. बाबा घरातल्या सुती कुर्त्यात, पायांत चप्पल, घामाने कपाळ ओलं. सरळ आत येऊन त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. "विसरलीस गं. बिनचष्म्याची काय शिकवणार?"

ते कॅमेऱ्यात आले होते. कापलेल्या केसांची मुलगी झाडू घेऊन पुढे आली आणि बोट दाखवून शिक्षिकेला काहीतरी विचारलं. शिक्षिकेने अदबीने इंग्रजीत मला विचारलं, हे गृहस्थ कोण. मी तोंड उघडलं. पण मी बोलण्याआधीच सर माझ्या खांद्यावरून वाकला आणि कोरियनमध्ये हसत एक वाक्य बोलला.

त्याला वाटलं, मला त्यातलं काही कळणार नाही. पण त्या वाक्यातला एक शब्द मी महिनाभर रोज ऐकला होता. छोंगसो. आणि त्याला जोडून आजोशी, जे मुलं कुठल्याही मोठ्या पुरुषाला म्हणायची. सफाईवाले काका.

मुलांना हे फार आवडलं. ती सगळी कॅमेऱ्यापाशी धावली आणि आपापले झाडू उंच धरून बाबांना दाखवायला लागली, जशी दोन क्रिकेट खेळणारी माणसं एकमेकांना बॅट दाखवतील. बाबा चकित झाले. "अरे, हे स्वतःची शाळा स्वतः झाडतात की काय?" म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलं वाकली. बाबांनी हात जोडले. मग वळून मला विचारलं, "काय म्हणाले गं हे?"

"म्हणाले, वडील आलेत."

सरने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हां." आणि बाबांनी त्याचा चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून. त्याला दोनदा धन्यवाद म्हणाले.

तास संपल्यावर मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. "बाबांना काय म्हणालात ते कळलं मला."

"अरे वा. कोरियन शिकलीस."

"तुम्ही मित्र म्हणू शकला असता. शेजारी म्हणू शकला असता."

"तोंडात आलं ते बोललो, बेटा. कॅनडात काय तुझा बाप चप्पल घालून चष्मा द्यायला येणार? दोन मिनिटांची गोष्ट, खतम झाली." मी हलले नाही तेव्हा त्याने पेन खाली ठेवला. "हे बघ. आमच्या घराण्याने दरबारात पिढ्यान्‌पिढ्या दफ्तर सांभाळलंय. कोणाला कुठे बसवायचं, आम्हाला शिकवावं लागत नाही. तू बँकवाल्याची मुलगी, तू फालतू भावुक होतेस."

तोंडात आलं ते बोललो, हे त्याने खरं सांगितलं असावं. माझ्या बापाकडे बघून त्याच्या तोंडात पहिल्यांदा तेच आलं. याच गोष्टीसाठी मी त्याला माफ केलेलं नाही.

शेजारच्या केबिनमधली म्हणाली, "छोड़ो ना दीदी. अंकलजी को तो पता भी नहीं चला."

"मुझे चला," मी म्हटलं.

मी आधी पत्रक लिहिलं. तीन संध्याकाळी बसून, पहिली ओळ आरोपाची. सेंटरच्या शटरवर चिकटवायचं असं ठरवलं. चौथ्या दिवशी फाडून टाकलं, कारण ते वाचलं असतं कोणी? बसचे प्रवासी आणि पानवाला. मला शहराला काही सांगायचं नव्हतं. मला त्या चौदाजणांना सांगायचं होतं की चष्मा घेऊन आले ते माझे वडील होते. रोज सव्वानऊनंतर मुलं झाडू काढायची आणि कोणीतरी इंग्रजीत विचारायचंच, सफाईवाले काका कुठे आहेत, आज आले नाहीत का? मी म्हणायची, सुट्टीवर आहेत. एका माणसाच्या एका वाक्याला मी रोज स्वतः पाणी घालत होते.

संधी शाळेनेच दिली. तिकडे वर्षातून एकदा खुला तास असतो. आईवडील वर्गात येतात, मागच्या भिंतीला लागून उभे राहतात आणि आपल्या पोरांचा तास बघतात. शिक्षिकेने तारीख कळवली आणि लिहिलं की त्या दिवशी पाठ आहे 'हा कोण आहे?', तर मुलं आपल्या पालकांची ओळख करून देतील आणि शेवटी टीचरनेही आपल्या कुटुंबाचा फोटो दाखवावा.

सरने फोटो छापून आणला. एक हसरं जोडपं, मागे लाकडी घर, पुढे तपकिरी कुत्रा.

"हे तुझे आईबाबा."

"आणि कुत्रा?"

"कुत्रा असला की लोकांना विश्वास बसतो."

मी मान हलवली. तो फोटो मी जपून पाकिटात ठेवला. त्या दिवसापासून मी इतकी गोड वागले की त्याने दुसऱ्या मुलींना माझं उदाहरण दिलं. सूड घ्यायचा असला की माणूस किती वक्तशीर होतो, ते मला तेव्हा कळलं. मी रोज पाच मिनिटं लवकर पोहोचत होते. पडद्याच्या वरच्या चार खिळ्यांपैकी दोन मी आधीच सैल करून ठेवले.

घरी सांगितलं, पालकांचा दिवस आहे, बाबांनी यायचं, बरोबर पावणेदहाला, खाली कोणाशी न बोलता सरळ माझ्या केबिनमध्ये. आईने त्यांना निवृत्तीच्या समारंभातला शर्ट काढून दिला. बाबांनी खिशाला पेन लावलं, ज्याने पत्रकं लिहायचे तेच.

त्या सकाळी वर्गाच्या मागे माणसांची रांग होती. गडद कपड्यांतल्या आया, दोन-तीन बाप, एक वाकलेली आजी. सर आपल्या खोलीत बसून दुसऱ्या स्क्रीनवर आमचा तास बघत होता, अंगावर टाय. तास सुरळीत चालला. एकेक मूल उभं राहायचं, बाकीचे विचारायचे, "हू इज शी?" आणि ते मूल मागे न बघता, कान लाल करून म्हणायचं, "शी इज माय मदर." आजीच्या नातवाला 'ग्रँडमदर' म्हणता येईना, तर आजीनेच मागून काहीतरी टोमणा मारला आणि सगळे हसले.

"नाउ, टीचर्स फॅमिली," शिक्षिका म्हणाली.

दारावर टकटक झाली. बाबा आत आले. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं, आणि त्याच क्षणी वर्ग ओरडला, 'टीचर' आणि माझं ते नाव.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोणाला म्हणतायत?"

"मला."

त्यांची नजर भिंतीवरच्या नियमांवर गेली. टिकली नको, गावाचं नाव नको. बाबांना कुठलाही चिकटवलेला कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. त्यांनी तो वाचला. सुडाच्या तयारीत मी सगळ्याचा विचार केला होता. बाबा तो कागद वाचतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"हू इज ही?" चौदाजणांनी विचारलं.

"ही इज माय फादर," मी म्हटलं. मग तेच कोरियनमध्ये, जे मी आठवडाभर घोकलं होतं. त्या भाषेतही आपल्यासारखं 'आमचे वडील' म्हणतात.

मग मी पडदा ओढला. सैल केलेले दोन आणि उरलेले दोन, चारही खिळे उडाले, बर्फ आणि देवदार माझ्या खुर्चीमागे गोळा होऊन पडले. मी लॅपटॉप उचलून खऱ्या खिडकीपाशी नेला. खाली स्टँड, धूळ, उसाच्या रसाचा चरक, आणि बसच्या दारात एका हाताने लटकलेला तो माणूस. "इंदौर, इंदौर, इंदौर." मी सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं: हा तुमचा पक्षी. मी तुमच्याशी खोटं बोलले. हे कॅनडा नाही, भारत आहे. हे उज्जैन आहे. मी रोज पोहे खाते. आणि मी माझं नाव सांगितलं. दोनदा, नीट तोडून.

सर धावत आला तेव्हा मी लॅपटॉप परत टेबलावर ठेवला होता, अशा कोनात की दारात उभा राहणारा माणूस पायापासून डोक्यापर्यंत दिसावा. हा कोन मी आदल्या दिवशी मोजून पाहिला होता. शिक्षिकेने त्याला कोरियनमध्ये काहीतरी विचारलं, अगदी हळू आवाजात. मागच्या रांगेतल्या एका बापाने तेच मोठ्याने विचारलं. सरने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. आणि मग बारा वर्षांच्या सवयीने त्याचं शरीर आपोआप वाकलं. कमरेतून, काटकोनात, हात मांड्यांना चिकटवून. टाय लोंबत होता. तो तीनदा वाकला आणि तिसऱ्यांदा वर आलाच नाही, तसाच राहिला, कोणीतरी पुरे म्हणेपर्यंत. खाली कंडक्टर इंदौरला बोलावत होता.

मी ते डोळे भरून पाहिलं. आजही आठवून बरं वाटतं. याहून चांगलं काही मला तेव्हा वाटलं असं मी लिहिणार नाही.

पण पुढच्या बाकावर हात वर आला. कापलेल्या केसांची मुलगी. "टीचर. फादर," ती म्हणाली आणि मग हवेत झाडू मारून, "छोंगसो?"

"काय विचारतेय?" बाबा म्हणाले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "विचारतेय, तुम्ही सफाई करता का. तुम्ही चष्मा घेऊन आलात ना, तेव्हा सरांनी त्यांना तसं सांगितलं होतं."

बाबांनी वाकलेल्या सरकडे एकदा पाहिलं. मग त्या मुलीकडे. मला वाटलं आता ते बोलतील. मी ज्यासाठी हे सगळं उभं केलं ते आता होईल, पहिली ओळ आरोपाची. बाबांनी दोन्ही हातांनी हवेत झाडू मारून दाखवला. "येस," ते त्यांच्या बँकेच्या इंग्रजीत म्हणाले. "होम. एव्हरी संडे."

मुलं खदखदून हसली. मागची आजीसुद्धा. आणि माझ्या सुडाला मधोमध एक भोक पडलं.

आम्ही दोघं जिना उतरलो तेव्हा माझी नोकरी गेलेली होती. सरने वरून ओरडून सांगितलं होतं, उद्यापासून तोंड दाखवू नकोस. बाबा स्टँडच्या कडेने चालत राहिले. पोह्यांच्या गाडीपाशी थांबले, दोन प्लेट सांगितल्या.

"सफाईवाला म्हणाला, म्हणून एवढं केलंस?"

"हो."

"मी कोणासाठी लिहायचो ती पत्रकं, विसरलीस?"

"नाही विसरले. पण त्याने ते तुम्हाला कमी दाखवायला वापरलं, बाबा. तुम्ही ऐकलं असतंत तर कळलं असतं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वापरलं असेल. खोटंही होतं ते. पण तूही तिथे खोटीच बसली होतीस ना." मग प्लेट गाडीवर ठेवून रुमालाने हात पुसले. "पत्रक चांगलं झालं. फक्त खाली नाव दोन महिने उशिरा आलं."

दुसरंही एक प्रकरण आहे. कोरियातल्या शाळा मिळवून देणाऱ्या दलालाने सरचे सगळे वर्ग काढून घेतले, तेव्हा शेजारच्या केबिनमधलीचाही गेला. तिचा फोन आला. "आपका बदला हुआ, दीदी, मेरी छुट्टी हुई. मेरा घोड़ा भी गया." ती हसत नव्हती. तिच्याबद्दल मला अपराधी वाटतं, आणि मी तिची माफी मागितली आहे. तिने दिलेली नाही. तिच्या जागी मीही दिली नसती.

सरचं म्हणाल तर तो बुडाला नाही. असे लोक बुडत नाहीत. आता तो मराठी मंडळींच्या बारशापासून मुंजीपर्यंत सगळीकडे सांगतो की बँकवाल्याच्या मुलीला त्याने पोटच्या पोरीसारखं ठेवलं आणि तिने घात केला. दुसऱ्या एका कॉलनीत नव्या केबिन लागल्या आहेत असं ऐकते. नवा पडदाही असेल. तिथे आज कोणी मुलगी ब्रेड खाल्ला म्हणून सांगत असेल, तर तिच्यासाठी हे छापलं जावं: तो वाकतो. त्याला वाकवता येतं. कॅमेऱ्याचा कोन फक्त आधी बघून ठेव.

महिनाभराने शिक्षिकेची एक ओळ आली आणि सोबत चित्रांचे फोटो. तिने लिहिलं होतं की मुलांना पक्षी दुरुस्त करायचे होते. तर सगळ्या पक्ष्यांच्या बस झाल्या होत्या. एकीला पंख तसेच ठेवले होते आणि दारात तोंड उघडलेला माणूस. शेवटचं चित्र कापलेल्या केसांच्या मुलीचं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पांढऱ्या मिशा. खाली इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: टीचर्स फादर. आणि हातात झाडू.

बाबांनी ते देवास गेटजवळून मोठं छापून आणलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं. मी छापण्याआधीच म्हटलं होतं, झाडू काढून टाकते, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तुझं भांडण त्याच्याशी आहे. झाडूशी नाही."

म्हणून झाडू राहिला आहे. भांडणही राहिलं आहे. वरचं सगळं मी बाबांना वाचायला दिलं, त्यांनी दोन जागी शुद्धलेखन सुधारलं, सरबद्दलची एकही ओळ काढली नाही, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवून विचारलं, इथे काय येणार. मी म्हटलं, माझं नाव.